रस्त्याखालची राख : नांदेड-लातूरच्या काळ्या मातीत टाकाऊ मालाचा उपयोग किती आणि कुठे?

आजचा विषय रस्त्याचा आहे. पण रस्त्याच्या वरच्या डांबराचा नाही, त्याच्या खाली जे दिसत नाही त्याचा. रस्ता उखडला की आपण सगळे डांबराला आणि ठेकेदाराला बोल लावतो. पुष्कळदा ते बरोबरही असते. पण नांदेड-लातूर भागात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आपली काळी माती. आणि त्याच भागात, हाकेच्या अंतरावर, राखेचे ढीग पडून आहेत. एका बाजूला कमजोर माती, दुसऱ्या बाजूला नको असलेली राख. या दोघांची गाठ घालता येईल का, हा आजचा प्रश्न. उत्तर "होय" असेच आहे, पण त्याला अटी आहेत. त्या पाळल्या नाहीत तर रस्त्याचा उकिरडा होतो. म्हणून आज आपण मुख्यतः अटींविषयीच बोलणार आहोत.

आधी माती समजून घेऊ

दख्खनच्या पठारावरचा काळा पाषाण लाखो वर्षे झिजून ही माती तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी असते. पानांच्या मध्ये पाणी शिरले की कॅट फुगतो, पाणी गेले की बसतो. पावसाळ्यात बांधावरून चालताना चपलेला दोन-दोन किलो चिखल लागतो आणि मे महिन्यात त्याच रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याचे कारण हेच.

ही माती ओलावा धरते. म्हणूनच आपली ज्वारी आणि हरभरा पावसाळा संपल्यावरही तिच्यावर तग धरतात. शेतकऱ्याला जो गुण हवा असतो, तोच रस्त्याला नडतो. रस्त्याच्या मधोमध, डांबराखाली, माती फारशी वाळत नाही आणि फारशी भिजतही नाही. पण कडेला, साइडपट्टीपाशी, ती दरवर्षी फुगते आणि आकसते. म्हणून रस्त्याला पहिली लांब भेग पडते ती बहुधा कडेने. त्या भेगेतून पाणी आत गेलं की पुढचं काम अवजड गाड्या करतात.

अभियंते मातीची ताकद मोजायला सीबीआर नावाची चाचणी करतात. चांगल्या फोडलेल्या खडीचा आकडा १०० धरला, तर चार दिवस पाण्यात भिजवलेल्या काळ्या मातीचा आकडा अनेकदा २ ते ४ च्या आसपास येतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ३७ या संहितेनुसार दिवसाला ४५० हून अधिक व्यापारी वाहने जाणार असतील, तर मातीच्या थराची परिणामी ताकद निदान ५ हवी. म्हणजे तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा महामार्ग घ्या किंवा उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ असलेला साधा जिल्हामार्ग घ्या, मूळ माती आहे तशी ठेवून काम भागत नाही.

आजवर उपाय काय होता? काळी माती काढा आणि मुरूम आणून टाका. हा उपाय चांगलाच आहे. पण तो मुरूम कुठून येतो? कुठल्या तरी माळावरून, टेकडीवरून. एक हिशेब करू. समजा एका वळणरस्त्याला १ किलोमीटर लांब, २ मीटर उंच भराव करायचा आहे. माथ्यावर रुंदी १२ मीटर आणि दोन्ही बाजूंना एकास दोन असा उतार. गणित केले तर ३२,००० घनमीटर माल लागतो. म्हणजे चार एकर जमीन दोन मीटर खोल खणावी लागेल. एका किलोमीटरसाठी! आपल्याकडचे माळ कसे नाहीसे होत चालले आहेत, ते या आकड्यात दिसते.

राख कुठून येते?

आपल्या भागात राखेचे दोन मोठे झरे आहेत, आणि दोन्ही राखा वेगळ्या आहेत. हा फरक नीट लक्षात ठेवा.

पहिली कोळशाची राख. बीड जिल्ह्यात परळी वैजनाथचे औष्णिक वीजकेंद्र १९७१ पासून आहे. तिथून लातूर साधारण ६०-६५ किलोमीटर आणि नांदेड शंभराच्या आसपास. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, साधारण ३० ते ४५ टक्के. २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला चार हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. राख ३५ टक्के धरली, तरी ती दिवसाला १,४०० टन झाली. यातली सुमारे ८० टक्के पिठासारखी बारीक असते आणि धुरांड्याकडे जाताना पकडली जाते. ती फ्लाय ॲश. उरलेली जाडसर राख भट्टीच्या तळाला पडते. जी उचलली जात नाही ती पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात हे तळे वाळले आणि वारा सुटला की आसपासच्या गावांत काय होते, ते तिथल्या लोकांना विचारा. घरात, पिकावर, दुधाच्या भांड्यावर राख.

दुसरी उसाच्या बगॅसची राख. लातूरकडे मांजरा, विकास, रेणा. नांदेडकडे भाऊराव चव्हाण आणि इतर असे साखर कारखाने आहेत. ऊस पिळून राहिलेला चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळतात. ऊस गाळपाच्या मानाने राख थोडी, ढोबळमानाने ०.६ टक्का. तरी एखाद्या कारखान्याने हंगामात ५ लाख टन ऊस गाळला तर ३,००० टन राख झाली.

राखेने माती सुधारते म्हणजे नेमके काय होते?

हे रसायन आपल्याला नवे नाही. कंधारचा, औशाचा, उदगीरचा किल्ला पाहिला असेल. त्या काळच्या बांधकामात चुन्याबरोबर सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी घालत. घाणीत चुना मळत. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि चुना पाण्याच्या सोबतीने एकमेकांना धरतात आणि हळूहळू दगडासारखे होतात. फ्लाय ॲश हीसुद्धा एका अर्थाने भाजलेली मातीच आहे. कोळशात मिसळलेली माती भट्टीत भाजली गेली, एवढंच. म्हणून ती सुरखीचेच काम करते.

पण, आणि हा "पण" फार मोठा आहे, एकटी राख हे काम करत नाही. आपल्याकडच्या कोळशाच्या राखेत स्वतःचा चुना फार कमी असतो. नुसती राख काळ्या मातीत मिसळली तर चिकणपणा थोडा कमी होतो, फुगणे थोडे कमी होते. कारण चिकणमातीचा वाटाच कमी झाला. खरी पकड यायला चुना किंवा सिमेंट लागतेच.

चुना मातीत पडला की दोन गोष्टी घडतात. पहिली काही तासांत: मातीच्या कणांवरचे सोडियम वगैरे बाजूला होऊन तिथे कॅल्शियम बसते, आणि लोण्यासारखी चिकट माती रव्यासारखी मोकळी होते. दुसरी सावकाश, आठवडे-महिने चालणारी: चुना आणि सिलिका यांची पकड. मातीत स्वतःची सिलिका असते, त्यामुळे नुसत्या चुन्यानेही काम होते. राख ती आणखी पुरवते. साधारणपणे चुना ३ ते ५ टक्के आणि राख १० ते २५ टक्के या मर्यादेत प्रयोगशाळेत नमुने करून पाहतात आणि त्यातून प्रमाण ठरते. दुसऱ्या गावचे प्रमाण आपल्या गावाला चालेलच असे नाही. आयआरसीची एसपी ८९ ही मार्गदर्शिका याच कामासाठी आहे.

ताकदीचे काम वेगळे, पोटभरू काम वेगळे

आता आपण गणिताकडे येऊ, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते.

गावरस्ता धरा. ७.५ मीटर रुंद, त्याखाली ३० सेंटिमीटर सुधारलेला मातीचा थर. १ किलोमीटरला २,२५० घनमीटर, म्हणजे सुमारे ३,६०० टन माती. तिच्यात १० टक्के राख घातली तर ३६० टन. म्हणजे मघाच्या त्या कारखान्याच्या पूर्ण हंगामाच्या राखेत जेमतेम आठ किलोमीटर रस्ता होईल. आणि ४ टक्के चुना म्हटला तर किलोमीटरला जवळजवळ दीडशे टन चुना विकत आणावा लागेल. राख फुकट, म्हणून रस्ता फुकट, असे समजू नका. खर्च चुन्याचा, मिसळण्याचा आणि पाण्याचा आहे.

याउलट मघाचा भराव घ्या. त्याचा दोन तृतीयांश गाभा फ्लाय ॲशचा केला तर किलोमीटरला सुमारे २५ हजार टन राख जाते. म्हणजे २५० मेगावॅटच्या एका संचाची जवळजवळ १८ दिवसांची राख! इथे राख माती सुधारत नाही, मातीची जागा घेते. ती मातीपेक्षा हलकी असल्याने खालच्या कमजोर जमिनीवर भारही कमी येतो. दिल्लीत निजामुद्दीन पुलाच्या पोहोच रस्त्याचा भराव १९९० च्या दशकाच्या अखेरीस असाच राखेत केला गेला. त्यानंतर २००१ मध्ये आयआरसीने राखेच्या भरावासाठी एसपी ५८ ही मार्गदर्शिका काढली.

म्हणजे सूत्र असे: कोळशाची राख मोठ्या महामार्गांच्या भरावात, उड्डाणपुलांच्या दोन्ही अंगांना खपेल. साखर कारखान्याची राख आसपासच्या दहा-वीस किलोमीटरच्या गावरस्त्यांत, चुन्यासोबत, माती सुधारायला. दोन्हींची जागा वेगळी.

अटी कोणत्या?

पहिली अट, राख झाकलेली हवी. ती वाऱ्याने उडते आणि पाण्याने वाहते. भरावाच्या दोन्ही बाजूंना आणि माथ्यावर चांगल्या मातीचे जाड आवरण, उंच भरावात मध्येमध्ये मातीचे थर, उतारावर गवत आणि पाणी काढून देणाऱ्या नाल्या, हे सगळे पाहिजेच. राखेत काही जड धातू अल्प प्रमाणात असतात. पाणी सतत झिरपत राहिले तर ते खाली उतरू शकतात. म्हणून विहीर, बोअर, ओढा, तळे यांच्या लगत आणि जिथे भूजल वर आहे तिथे ही राख नको. गोदावरी-मांजराच्या काठच्या गावांना ही अट विशेष लागू.

दुसरी अट, प्रत्येक खेपेची तपासणी. साखर कारखान्याची राख एकसारखी नसते. कधी बगॅसबरोबर पाचट जळते, कधी कोळसा, कधी लाकूड. राख काळी दिसली तर तिच्यात न जळलेला कोळसा जास्त आहे असे समजावे; तो चुन्याच्या पकडीला मारक. मातीत किंवा राखेत सल्फेट जास्त असेल तर चुन्यामुळे माती सुधारण्याऐवजी उलट फुगू शकते. हे डोळ्याने कळत नाही, चाचणीनेच कळते.

तिसरी अट, पाणी. ही आपल्या भागाची खास अट. शेतकऱ्याला वापसा कळतो: माती फार ओली नको, फार कोरडी नको, तेव्हाच कुळव चालतो. रोलरलाही वापसा लागतो. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या मातीत वजनाच्या निदान १० टक्के पाणी घालावे लागते. ३,६०० टनाला ते ३ लाख ६० हजार लिटर झाले. वरून सात दिवस थर ओला ठेवायचा ते वेगळे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले होते. आठवा ती गर्दी. तेवढ्या पाण्यात असा दीड किलोमीटरही रस्ता होत नाही. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये टँकरने करायचे नसते. पावसाळा संपल्यावर, माती अजून ओल धरून असताना, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास करावे. साखर हंगामही तेव्हाच सुरू असतो, म्हणजे राखही ताजी मिळते.

आणि राखेचा पुरवठाही पाण्यावरच अवलंबून आहे. २०१५ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. राखेवर योजना आखणाऱ्याने हे विसरू नये.

कायदा काय सांगतो?

वीजकेंद्रांच्या राखेबाबत केंद्राची पहिली अधिसूचना सप्टेंबर १९९९ ची. सुरुवातीला केंद्रापासून ५० किलोमीटरचा घेर होता, २००३ मध्ये तो १०० झाला, २०१६ मध्ये ३०० किलोमीटर. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने "प्रदूषण करील तो भरील" हे तत्त्व आणले. राख कामाच्या जागी विनामूल्य पोहोचत असेल, तर ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांच्या कामांत ती वापरणे बंधनकारक आहे. लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे परळीपासून या घेराच्या आत येतात. म्हणजे हा केवळ सदिच्छेचा विषय नाही.

नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न

"जालन्याच्या लोखंड कारखान्यांची मळी, म्हणजे स्लॅग, का नाही वापरत?" वापरता येते. सुरतजवळ हजीरा येथे स्लॅगच्या खडीचा रस्ता झाला आहे. आपल्या राज्यात मुंबई-गोवा महामार्गाच्या एका तुकड्यावर डोलवीच्या पोलाद कारखान्यातील स्लॅग वापरली गेली. जानेवारी २०२४ मध्ये तो तुकडा खुला झाला. पण दोन गोष्टी. एक, पोलादाच्या स्लॅगमध्ये मोकळा चुना राहिलेला असतो. तो भिजला की फुगतो. म्हणून तिच्यावर आधी प्रक्रिया करून, पाणी मारून, मुरवून मग वापरावी लागते. दोन, जालना इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि आपल्या पायाखाली उत्तम काळा पाषाण. गिट्टीच्या जागी स्लॅग एवढ्या लांबून आणायची तर डिझेलच जास्त जळेल. ती जालना-परभणीकडे वापरावी. टाकाऊ माल जितका जवळ वापराल तितका तो टिकाऊ.

"आणि प्लॅस्टिकचा रस्ता?" त्याचे काम वरच्या थरात. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांची पद्धत अशी की तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचे बारीक तुकडे टाकायचे, ते वितळून खडीला लेप बसतो, मग डांबर. पीव्हीसी मात्र अजिबात चालत नाही, कारण तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राने ५ लाखांहून मोठ्या शहरांच्या ५० किलोमीटर परिसरात अशा वापराचे धोरण आणले. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा ५ लाखांच्या वर आहे, लातूर नाही. पण खालची माती फुगत असेल तर वरचे प्लॅस्टिक काय करणार? आधी पाया.

"कारखान्याचा प्रत्येक टाकाऊ माल रस्त्यात घालावा का?" नाही. प्रेसमड शेताचे खत आहे, ते शेतातच जावे. मळीच्या आसवनीतून येणाऱ्या राखेत पालाश असते, तेही पिकाच्या कामाचे. जे मातीला परत देता येते ते रस्त्याखाली गाडू नये. रस्त्याने तेच घ्यावे ज्याला दुसरी चांगली वाट नाही.

आपण काय करावे?

आपल्यापैकी सगळे अभियंते नाहीत, पण रस्ता सगळ्यांचा आहे. तेव्हा गावात असे काम निघाले तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. मातीची आणि राखेची चाचणी झाली का, तिचा अहवाल कुठे आहे? चुन्याचे प्रमाण किती ठरले आणि ते प्रत्यक्षात पडते आहे का? राखेवर मातीचे आवरण किती जाड आहे आणि जवळची विहीर किती लांब आहे? या तीन प्रश्नांना कागदावर उत्तर मिळाले तर काम होऊ द्या, मदत करा. "राख आहे, टाकून देऊ" एवढेच उत्तर मिळाले तर थांबवा. कारण मग तो रस्ता नाही, राखेचे तळे आपल्या गावात आणले एवढेच. आणि ट्रकवर ताडपत्री नसेल, तर पहिल्याच दिवशी थांबवा.

परळीकडच्या गावांची राख कमी व्हावी आणि आपले माळ शाबूत राहावेत, हे दोन्ही साधण्यासारखे आहे. पण त्यासाठी राख मोजून, तपासून, झाकून वापरावी लागेल. आजच्या व्याख्यानातून एवढे जरी सोबत नेले तरी पुरे. पुढच्या वेळी आपण रस्त्याच्या पाण्याविषयी, म्हणजे नाल्या आणि मोऱ्यांविषयी बोलू. कारण माती कितीही सुधारली तरी पाणी काढून दिले नाही तर सगळे व्यर्थ.